भास्कररावांचं उल्लेखनीयता खातं

आमच्या धारूरात एका माजी सभापतींच्या अंत्यविधीला एक वक्ते गहिवरून म्हणाले, "आज एक मोठा माणूस गेला." मागून आवाज आला, "मोठा कशावरून?" चितेला अजून अग्नी द्यायचा होता. सगळ्यांनी माना वळवल्या, पण नवल कुणालाच वाटलं नाही. भास्करराव होते.

दोष माझाच. देश खुला झाला, आता धारूर तरी किती दिवस बंद राहणार, म्हणून मी माझ्या एसटीडी बूथच्या निम्म्या जागेत सायबर कॅफे काढला. भास्करराव शेजारीच राहायचे. एकटा जीव. उभा जन्म एका दैनिकाचे तालुका वार्ताहर म्हणून काढलेला, आता निवृत्त. वेळ जावा म्हणून मी त्यांना इंटरनेटवरचा ज्ञानकोश दाखवला. "यात कुणीबी कुणावरबी लिहू शकतं, आन् नको असलेली नोंद काढा म्हणून मतबी देता येतं." यातली पहिली सोय त्यांनी कधीच वापरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन नंबरचा कॉम्प्युटर गेला तो गेलाच. अकराच्या ठोक्याला स्वारी हजर. खिशात रुमालाची घडी, ती कीबोर्डवर झटकायची, चष्मा चढवायचा आणि कत्तल सुरू. युवा नेते, शिक्षणमहर्षी, साखर कारखान्याचे संचालक, सगळ्यांखाली एका बोटाने टाइप केलेला एकच शेरा : "उल्लेखनीयता नाही. काढा." कुणाचा तरी पुतण्या दम द्यायला आला, तर त्यालाच समोर बसवून तासभर शिकवलं. "सोताच्या संस्थेनं छापलेलं चालत न्हाई. वाढदिवसाची जाहिरात चालत न्हाई. तिऱ्हाइतानं, आपणहून लिहिलेलं पाहिजे. हाय का?" पुतण्या चहा न पिता गेला.

त्या काळात पुण्याला गेलेला आमचा प्रत्येक जण व्हाइस प्रेसिडेंट होत होता. भांड्याच्या दुकानवाले शिवलिंगअप्पा, त्यांचा महेशही झाला. त्याच्या कंपनीने त्याच्यावर नोंद टाकली. त्यात 'दूरदृष्टीचे नेतृत्व' असं होतं. भास्कररावांनी वाचलं आणि मला म्हणाले, "दूरदृष्टी? मग चष्मा कावून लावलाय फोटोत?" पण का कोण जाणे, या नोंदीखाली लगेच 'काढा' लिहिलं नाही. 'स्वतंत्र पुरावा आठ दिवसांत द्यावा' असं लिहिलं. मी मनात म्हटलं, म्हातारा नरमला.

चौथ्या दिवशी अप्पा दुकान उघडं टाकून माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि चेहरा असा, की घरात लग्न निघालंय. "म्हैशाचा फोन आलता!" सहा वर्षांत महेश गावी फिरकला नव्हता. शेवटचा आला तो आई गेली तेव्हा, तिसऱ्या दिवशी उगवला आणि उभ्या उभ्या भेटून लगेच गेला, त्यानंतर फोनसुद्धा नाही. "म्हनला, गावाकडच्या पेपरातली कात्रणं असतील तर पाठवा, लई नड हाय. पहिल्यांदाच काई मागितलं बघा त्यानं. म्हैशाच्या मायनं समदी जपून ठिवलती."

चौदा कात्रणं निघाली. 'धारूरच्या सुपुत्राचा पुण्यात गौरव.' 'महेश यांचा जर्मनी दौरा यशस्वी.' 'मराठवाड्याचा झेंडा साता समुद्रापार.' मला तर भरूनच आलं. भास्करराव मात्र एकेक कात्रण उलटत गेले, आणि त्यांचे कान लाल होत गेले.

"हे चालणार न्हाईत."

"कावून?" अप्पा पुढे सरकले.

माझं डोकं फिरलं. "काय माणूस हाव तुमी? चौदा बातम्या हायत! बापानं आणून दिल्यात! आता काय ब्रह्मदेवाचा शिक्का पाहिजे का?"

"गप बे," भास्करराव म्हणाले. मग चष्मा काढून कात्रणांकडेच बघत बोलले. "अप्पा, हे समदं म्या लिहिलंय. मनानं. पुण्यात गौरव बी न्हाई आन् जर्मनी बी न्हाई. तुमी दोघं रोज स्टँडवर पेपरची वाट बघत बसायचे. पोरगं तर चार ओळी लिहीत न्हवतं. मला बघवंना, म्हणून दर चार-सहा म्हैन्याला एक घालायचो."

ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याला खोटं ठरवलं, तो माझ्या कॅफेत असा मान खाली घालून बसलेला मला सहन होईना. मला वाटलं, आता अप्पा पिशवी त्यांच्या तोंडावर फेकणार.

अप्पांनी कात्रणं एकावर एक नीट लावली. "ठावं हाय मला. म्या बाप असून मला पोराचा पत्ता ठावा न्हवता, भास्करराव. तुमाला बातम्या कुठून मिळणार? पण म्हैशाच्या मायला वाचून दाखवलं की ती त्या दिशी दोन घास जास्ती जेवायची." आणि मग हळूच, "आता त्याला काय सांगू? न्हाई म्हणलं तर पुन्यांदा फोन करंल का त्यो?"

भास्करराव उठले. स्वतः जाऊन बूथचा रिसीव्हर उचलला आणि अप्पांच्या हातात दिला.

"लावा फोन. म्हणावं, कात्रणं लई हायत, पण टपालानं चालत न्हाईत. मूळ कागद सोता येऊन, सही करून न्यावा लागतो."

असला नियम त्या ज्ञानकोशात नाही. जगातल्या कुठल्याच ज्ञानकोशात नसेल.

अप्पांनी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडचं बराच वेळ ऐकलं. मग रिसीव्हर हाताने झाकून, आमच्याकडे बघत म्हणाले, "रविवारी येतो म्हनतोय. सही करून लगेच निघंल म्हनतोय."

"लगेच न्हाई," भास्करराव करड्या आवाजात म्हणाले. "मुक्काम करावा लागतो म्हणावं. आन् जेवण घरीच. नियम हाय."