विक्रीला नसलेल्या चादरी

एक पाय टेम्पोत ठेवून गुलाबबाईंनी अट घातली, आणि ती मान्य होईपर्यंत दुसरा पाय जमिनीवरून उचलला नाही.

"दोन दिवस कापडाचं नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "पोत नाही, पन्हा नाही, रंग नाही. कोन्या बाईच्या लुगड्याकडं पाहून 'कुठून घेतलं' म्हणून इचारायचं नाही. एक शब्द जरी निघाला, तं मी सापडंल त्या एस्टीनं वाशीमले वापस येईन. आन् मंग जलमभर तुमच्यासंगं कुठंच येणार नाही."

"कबूल," कस्तुरशेठ म्हणाले.

"कबूल तं तुमी शिरपूरच्या वेळी बी म्हणलं होतं."

शिरपूरची गोष्ट खरी होती. लग्नानंतर नवव्या वर्षी कस्तुरशेठांनी बायकोला शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला म्हणून नेलं. ती दर्शन घेऊन बाहेर आली, तेव्हा हे महाशय धर्मशाळेच्या ओट्यावर सहा बायकांना खणाचं कापड दाखवत बसले होते. कापड आलं कुठून, तर निघताना सहज म्हणून पिशवीत टाकलं होतं. त्या दिवसापासून गुलाबबाईंनी कुठं ने म्हणण्याचं सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे विसरल्या, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

कस्तुरशेठांचाही तसा इलाज नव्हता. त्रेचाळीस वर्षं त्यांनी आठवडी बाजार केले. आज मेडशी, उद्या जऊळका, परवा रिठद. आधी छकड्यात गठ्ठे टाकून, पुढे टेम्पोतून. पहाटे गुलाबबाईंनी बांधून दिलेला डबा घेऊन निघायचं, बाजारात पाल ठोकायचं, दिवसभर घसा फोडायचा आणि दिवेलागणीला घरी येऊन पडायचं. दिवसभराचं बोलणं बाजारात संपून जायचं, घरी फक्त 'हं' आणि 'बरं' एवढंच पोचायचं.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा पाल कायमचं गुंडाळलं गेलं. टेम्पो अंगणात उभा राहिला. कस्तुरशेठ रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचे, ड्रायव्हरच्या जागेवर जरा बसायचे आणि उतरायचे. पुण्यात शिकणाऱ्या जिनल नावाच्या नातीला आजोबांचं हे ध्यान बघवेना. तिनं सुट्टीत सुतार लावून टेम्पोत दोन बाकं, गॅसची शेगडी आणि फुलाफुलांचे पडदे बसवले. बाजूचं झाकण उघडून वर टेकवलं की खाली छान सावली पडायची. मग तिनंच आजी-आजोबांची नावं 'वऱ्हाड मुक्काम मंडळा'त घातली.

या मंडळात आपापल्या गाडीत संसार मांडून राहणारी वाशीमची पाच जोडपी होती. महिन्यातून एका शनिवारी गाड्या काढायच्या, एखाद्या तलावाकाठी मुक्काम ठोकायचा, रविवारी संध्याकाळी परत. अध्यक्ष होते दौलतसिंग सर. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण शिट्टी त्यांनी शाळेला परत केली नव्हती.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी, शेठ आणि गुलाबबाईंच्या पहिल्याच मुक्कामाला, पाच गाड्या रिठदजवळच्या तलावाकाठी लागल्या. सरांनी शिट्टी वाजवली. "आता दोन तास पक्षीनिरीक्षण. सर्वांनी रांगेत चलायचं. बोलायचं नाही, पक्षी उडतात."

कस्तुरशेठ गुडघ्यामुळे मागे राहिले. गुलाबबाई दुर्बीण गळ्यात घालून निघाल्या. जाता जाता त्यांनी फर्मावलं, "गाडीत बसले बसले झोपू नका. चादरींले कोंदट वास येऊन राह्यला, त्या उन्हात टाका."

"माह्या बी टाका," सर म्हणाले, आणि सगळ्यांच्याच चादरी, पांघरायच्या जाड सोलापुरी, टेबलावरची कापडं कस्तुरशेठांच्या पुढ्यात येऊन पडली.

इथं कस्तुरशेठांचा काही दोष नव्हता, दोष हातांचा होता. दुसरा कुणी असता तर त्यानं चादरी दोरीवर फेकल्या असत्या. कस्तुरशेठांच्या हातांनी फिके रंग पुढे घेतले, गडद मागे टाकले. काठ बाहेर दिसेल अशी प्रत्येकीची घडी पाडली. सोलापुरी बाकावर एकावर एक रचल्या, सर्वांत भारी ती वर. मग ते झाकणाच्या सावलीत मांडी घालून बसले. समोरून पाहणाऱ्याला ते तिथं जन्मापासून बसलेले वाटले असते.

पाहणारी लवकरच आली. हरभऱ्याच्या वावरातून घरी निघालेली रंगूबाई, डोक्यावर तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं. ती थबकली. टेम्पोकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं, मग बराच वेळ कस्तुरशेठांकडे पाहिलं.

"शेठ, तुमी जित्ते हाय?"

"हाव. काहून?"

"आमी आइकलं का तुमी गेले. तीन वर्सं झाले, रिठदच्या बाजारात तुमचं पाल नाही. मी तं घरी दोन दिवस सांगून राह्यली होती, का लय चांगला मानूस होता."

आपल्या मागे आपल्याविषयी बरं बोललं गेलं हे जिवंतपणी कळणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. कस्तुरशेठांना भरून आलं. तेवढ्यात रंगूबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि निळ्या चादरीचा काठ चिमटीत धरून चोळला.

"रंग जाईन काय?"

कस्तुरशेठांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळलं. "रंगूबाई, हे इकायचं नाही. घरचं हाय."

रंगूबाई खुदकन हसली आणि पदर खोचून खालीच बसली.

आता हे नीट सांगायला हवं. 'हे विकायचं नाही बाई, घरासाठी काढून ठेवलंय' हे वाक्य कस्तुरशेठांनी त्रेचाळीस वर्षं प्रत्येक बाजारात दिवसातून पन्नास वेळा म्हटलं होतं. गिऱ्हाइकाचा हात एखाद्या कापडावर रेंगाळला की ते घाईघाईनं कापड मागे ओढायचे आणि हे वाक्य म्हणायचे. मग बाई ते घेतल्याशिवाय हलत नसे. तीन तालुक्यांतल्या बायकांना ठाऊक होतं, की शेठ असं म्हणाले म्हणजे माल उत्तम आहे आणि आता बोलणी सुरू झाली आहेत.

"खरंच नाही इकायचं," कस्तुरशेठ काकुळतीला आले. "हे आमचं अंथरून हाय. मी याच्यावर झोपतो."

"सोता वापरून पाह्यलेलं दिसते," रंगूबाई समाधानानं म्हणाली. "पह्यले तुमी येवढी खात्री देत नव्हते." आणि तिनं बांधावरून जाणाऱ्या बायकांना हाक मारली, "अवं, इकडं या. कापडवाले शेठ आले. घरचा माल काढला त्याहीनं."

दहा मिनिटांत सात-आठ बायका जमल्या. कुणी पूर्वी सासूबरोबर त्यांच्या पालावर लग्नाचं लुगडं घ्यायला आलेली होती, कुणी पोराच्या बारशाची टोपडी नेलेली होती. प्रत्येकीनं आधी शेठ जिवंत असल्याची चौकशी केली आणि मग चादर ओढली. कस्तुरशेठ एकीच्या हातातून सोडवत तोवर दुसरी घडी मोडत होती. "कायले दाखवता मंग, इकायचं नसंल तं?" एकीनं विचारलं, आणि दोरीवरच्या त्या मांडणीकडे पाहून बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शेवटी रंगूबाईनं शेंगांचं टोपलं टेम्पोत ओतलं आणि निळी चादर काखेत मारली. "पैसे नाही संगं. या शेंगाचे सोले खा."

कस्तुरशेठांनी मनाशी झटपट विचार केला. पैसे घेतले असते तर ते दुकान झालं असतं. शेंगा ही भेट आहे. भेट आली तर परतभेट द्यावी लागते, आणि ती देणं म्हणजे कापडाचं नाव काढणं नव्हे. एवढा विचार झाल्यावर त्यांना पुष्कळ हलकं वाटलं, आणि पुढची चादर त्यांनी स्वतःच दोरीवरून उतरवली.

मग मात्र धरण फुटलं. चादर फटकारून हवेत उघडायची त्यांची जुनी लकब होती, फट् असा आवाज व्हायचा आणि कापड बाईच्या मांडीवर अलगद पडायचं. तो आवाज तीन वर्षांनी कानी पडला तेव्हा कस्तुरशेठांना एकदम जुने दिवस आठवले. भर उन्हातलं पाल, भज्यांचा वास, दूर कुठं तरी चाललेला बैलांचा सौदा, आणि पाच वाजता गठ्ठे बांधताना पाठीला लागणारा गार वारा. आपण हे सगळं किती सोसलं, असंच ते आजवर सांगत आले होते. आपल्याला ते किती आवडायचं, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

"ये माय, हा पिवळा तुले नाही शोभत, तुह्या सुनेले ने," ते गरजले. "काय म्हनली, पातळ हाय? अवं, तुह्या लग्नातला शेला याच्याहून पातळ होता. मीच देल्ला होता."

बायका खदखदून हसल्या. बोरं आली, हरभऱ्याचे टहाळ आले, एका बाईनं कमरेच्या पिशवीतून गवारीच्या शेंगा काढून दिल्या. चादरी संपल्या तशा सोलापुरीही गेल्या. मग मंडळातल्या डॉक्टरांच्या टेबलावरचं कापड, सरांचा पंचा आणि टेम्पोतले फुलाफुलांचे पडदे. 'वऱ्हाड मुक्काम मंडळ' असं लिहिलेला कापडी फलक एका म्हातारीनं गोधडीच्या अस्तराला म्हणून नेला. "अक्षरं आतून घेईन मी," ती म्हणाली.

तेवढ्यात तलावाच्या बाजूनं शिट्टी वाजली.

कस्तुरशेठांचे हात हवेतच थांबले. दोरी रिकामी होती, बाकं उघडी होती आणि टेम्पोत गुडघाभर भाजीपाला होता. आता गुलाबबाई येणार, बघणार, काही न बोलता पिशवी उचलणार आणि डांबरी रस्त्यावर जाऊन एस्टीला हात करणार. शिरपूरनंतर पहिल्यांदाच ही बाई आपल्याबरोबर हौसेनं निघाली होती. दुर्बीण गळ्यात घालताना नातीसारखी हसली होती. आपल्याला दोन तास धीर धरवला नाही.

ओळीत शेवटच्या चार-पाच बायका अजून उभ्या होत्या. "नाही माय, संपलं सारं," ते खाली मान घालून म्हणाले. "आता घरी जा. माह्यी बायको येऊन राह्यली."

"केव्हाची आलेली हाय मी," शेवटची बाई म्हणाली.

डोक्यावर पदर घेऊन, गळ्यात दुर्बीण लटकवून गुलाबबाई उभ्या होत्या. बाकीच्या बायका चटकन पांगल्या. अशा वेळी कधी पांगायचं हे बायकांना सांगावं लागत नाही.

"केव्हाची म्हंजे?" कस्तुरशेठांनी विचारलं.

"तुमी त्या बाईले सुनेसाठी पिवळी चादर देल्ली तेव्हापासून. त्या झाडाखालून दुर्बिनीनं पाह्यत होती. मंग आइकू येईना म्हणून जवळ आली."

मागून दौलतसिंग सर धापा टाकत पोचले. त्यांनी दोरी पाहिली, फलकाची जागा पाहिली, आपला पंचा कुठंच दिसेना हेही पाहिलं. "कस्तुरचंदजी, हे काय? थंडीचे दिवस हाय, रात्री पांघरायचं काय आता?"

"सर, ते निळ्या चादरीवाली बाई गोधड्या घेऊन येऊन राह्यली," गुलाबबाईंनीच उत्तर दिलं. "मीनं सांगतलं तिले. तवर बोरं खा."

सर बोरं खायला गेले. कस्तुरशेठांनी टेम्पोतली पिशवी उचलली आणि अपराध्यासारखी बायकोपुढे धरली. "रस्ता पाच मिन्टाचा हाय. सोडून देतो. अट ते अट."

गुलाबबाईंनी पिशवी घेतली नाही. त्या बाकावरचे टहाळ बाजूला सारून बसल्या.

"सेहेचाळीस वर्सं झाले लग्नाले," त्या म्हणाल्या. "घरी तुमी 'हं' म्हनता आन् 'बरं' म्हनता. मले वाटे, मानसाचा सभावच असा हाय, कमी बोल्याचा. आन् इथं पाह्यतो तं हा मानूस बायांले हसवून राह्यला, एकेकीच्या लग्नाची, पोराची आठोन काढून राह्यला. हा मानूस मले कधी दाखवलाच नाही तुमी." त्यांनी मांडीवरचा पाला झटकला. "राग याचा होता मले. कापडाचा नाही."

सवयीनं कस्तुरशेठ 'हं' म्हणणार होते, ते त्यांनी वेळीच आवरलं.

"उद्या कुठचा बाजार ऱ्हायते?" गुलाबबाईंनी विचारलं.

"जऊळक्याचा. पन इकायले तं आता काहीच नाही."

"मले इकायचं नाही, पाह्यचं हाय. तुमी कुठं बसत होते, डबा कुठं खात होते, ते."

बोरं खाणारे सर तेवढ्यात मध्ये पडले. "पण भाभीजी, उद्या सकाळी कार्यक्रमात पुन्हा पक्षी आहेत."

"पाह्यले सर मी पक्षी. एक बी बोलला नाही."

ऊन उतरलं तसं गुलाबबाईंनी डबा उघडला. दिवस बुडाल्यावर त्यांच्या घरात कुणी घास तोंडात घालत नाही, म्हणून बाहेर कुठं गेल्या तरी घाई याच वेळेची. त्यांनी दोघांची ताटं वाढली आणि विचारलं, "ते निळ्या चादरीवाली कोन होती?"

कस्तुरशेठांनी घास मोडला आणि सांगायला लागले. रंगूबाई, मग तिचा सासरा, जो दर बाजाराला धोतर घ्यायला यायचा आणि दर बाजाराला न घेता जायचा. मग रिठदच्या त्या पावसाची गोष्ट, पाल उडून थेट पाटलाच्या गच्चीवर गेलं ती. मेडशीला बैल कापडात शिरला ती. गुलाबबाई पोळी हातात धरून ऐकत होत्या, मध्येच तोंडावर पदर धरून हसत होत्या, आणि "मंग?" म्हणत होत्या. तो 'मंग' ऐकला की शेठ आणखी एक बाजार मागे जात.

जऊळक्याच्या रस्त्यात छकड्याचं चाक निखळल्याच्या गोष्टीपाशी ते आले आणि एकदम थांबले. तलावापलीकडे सूर्य नव्हता. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मोडलेला पहिला घास तसाच पडला होता. बायकोचंही ताट भरलेलं होतं.

"दिवस बुडाला," ते घाबरून म्हणाले. "तू उपाशी राह्यली."

गुलाबबाईंनी दोन्ही ताटं उचलून बाजूला ठेवली, पदर अंगाभोवती घट्ट घेतला आणि बाकावर पाय वर करून बसल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चाक निंगालं, मंग?"