चंपाषष्ठीचं भरीत

आनंदीबाईंचा राग पहाटे चारपासून तापत होता. वांगी शेगडीवर चढली ती सहा वाजता.

मुलगा दौलत भोपाळच्या कचेरीतून बायकोसह एका दिवसासाठी आला होता. नवा प्रांत झाला तेव्हा सरकारनं इंदूरच्या कचेऱ्या उचलून भोपाळला नेल्या आणि त्यांच्याबरोबर पोरगाही नेला, हे आनंदीबाईंनी सरकारला अजून माफ केलेलं नव्हतं. वर त्याचं पत्र आलं, की चंपाषष्ठीला रजा मिळणं कठीण, बड्या दिनाच्या सुट्टीत येतो. त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून उलट टपाली लिहवून घेतलं: "गोरे साहेब गेले तरी त्यांच्या सणाला सुट्टी. आणि होळकरांच्या पागेत असताना तुझ्या बापानं ज्याची तळी एकदा चुकवली नाही, त्या खंडोबाला नाही? एकच दिवस ये, पण चंपाषष्ठीला ये."

तो आला. दोनच्या गाडीनं परत जायचा होता.

चार महिने घरात वांगं शिरलं नव्हतं. आज भरीत आणि बाजरीचे रोडगे. सून इंदिरा पदर खोचून चुलीशी आली.

"आत्याबाई, मीठ मी घालू?"

"तुम्ही राहू द्या. तिकडं टमाटर टाकून वांग्याची लुगदी करत असाल, त्याला भरीत म्हणत नाहीत." असं म्हणून आनंदीबाईंनी मीठ घातलं. मग कांदा जाड चिरलेला दिसला. त्यावरून सुनेच्या माहेरच्या सुऱ्या निघाल्या, सुऱ्यांवरून भोपाळ निघालं, आणि भोपाळला शेलक्या शिव्या देत देत त्यांनी मीठ घालून भरीत घोटलं. नैवेद्याचं अन्न चाखायचं नसतं, त्यामुळे कोणी चाखलं नाही.

तळी उचलून झाली. आता घरची रीत अशी, की खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला. कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही.

"दिवाणला बोलाव," आनंदीबाई म्हणाल्या.

दिवाण म्हणजे इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्यांच्या गल्लीतला तांबडा कुत्रा. तो आला नाही. आदल्या दिवशी तो आनंदीबाईंच्या उन्हात घातलेल्या गोधडीवर झोपला होता आणि त्यांनी त्याच्या अंगावर तांब्याभर गार पाणी ओतलं होतं. मार्गशीर्षातलं गार पाणी. तेव्हापासून दिवाणनं समोरच्या गंगूबाईंच्या ओट्यावर मुक्काम हलवला होता. आणि गंगूबाईंशी आनंदीबाईंचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. एकदा थंडीत आनंदीबाईंनी पाठवलेले गराडू कंदाचे तळलेले काप कच्चे आहेत, असं गंगूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या.

दौलतनं चौकातून दुसरी दोन कुत्री आणली. एकानं पानाला नाक लावलं आणि मागं फिरलं. दुसरं शिंकलं.

"आई, पहाटेपासून घरोघरचं खाऊन पोटं फुगलीत त्यांची. आपण बसू या ना यार."

"यार तुझा कचेरीत. देव उपाशी अन् तू जेवणार?"

साडेबारा झाले. स्टेशनातली शिट्टी घरात ऐकू येत होती. पोरगा महिनाभरानं नाही, चार महिन्यांनी आलेला, आणि तो उपाशी गाडीत बसणार, ते एका कुत्र्याच्या तोऱ्यापायी. आनंदीबाईंनी पान उचललं, गल्ली ओलांडली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा गंगूबाईंच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"चल," त्या दिवाणला म्हणाल्या. "झालं ते झालं."

दिवाणनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजेखाली जाऊन बसला.

गंगूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या आनंदीबाईंशी नाही, मागून आलेल्या दौलतशी बोलल्या. "आमचा नैवेद्य त्यानं सकाळीच खाल्ला बरं, दौलत. पण मानी आहे. त्यांना म्हणावं, जिच्यावरनं उठवलं ती गोधडी घाला त्याला."

"दौलत, त्यांना म्हणावं, आम्हाला अक्कल आहे."

"असेल की. मी कुठं नाही म्हणते?"

आनंदीबाई दात खात घरी गेल्या, ओट्यावर उन्हात गोधडी अंथरली आणि पुढं पान मांडलं. दिवाण आला. तीन गिरक्या घेतल्या, बसला. नाकानं भरीत बाजूला सारलं आणि रोडग्याचा एक तुकडा तोडला.

"लावलं तोंड," इंदिरा म्हणाली. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

दौलतनं पहिला घास घेतला आणि थांबला. बायकोकडे पाहिलं. बायकोनं ताटाकडे पाहिलं.

"कसं झालंय?"

"छान झालंय, आई."

"मग घे अजून. चार महिन्यांचं राहिलंय." त्यांनी डाव पालथा केला. दौलतनं सगळं संपवलं आणि दोन तांबे पाणी प्याला. इंदिराही प्याली.

"भोपाळला पाणी मिळत नाही का रे तुम्हाला?"

उरलेलं भरीत त्यांनी डब्यात दाबून भरून दिलं. दौलतनं वाकून पाया पडताना डबा काखेत घट्ट धरला होता. शिट्टी झाली, गाडी गेली, तेव्हा कुठं आनंदीबाई पानावर बसल्या आणि पहिला घास तोंडात घातला.

घास तिथंच राहिला. त्यांनी चुलीशेजारची मिठाची बरणी उघडून पाहिली. मग तांब्या भरून ओट्यावर आल्या.

तांब्या पाहताच दिवाण ताडकन उठला. भरीत तसंच बाजूला पडलं होतं. आनंदीबाईंनी त्याच्यापुढच्या फुटक्या परळात पाणी ओतलं.

"पी मेल्या. सगळ्यांच्या आधी तूच सांगितलं होतंस."

तो पीत राहिला. त्या गोधडीच्या उरलेल्या कोपऱ्यावर अंग चोरून बसल्या. समोर गंगूबाईंचं सूप चाललं होतं.

"गंगूबाई," मध्ये दौलत नसताना त्या म्हणाल्या, "तेव्हाचे ते गराडू कच्चे होते?"

सूप थांबलं. "होते."

"होते तर होते. त्याच्यासाठी तीन वर्षं अबोला धरतं का कोणी?"