टॉफीचा वाडगा

केल्विन लार्टर गॅरेजमध्ये नवी फळी ठोकायला लागला तेव्हा बेरिलने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "आता काय, दुकान टाकतोस का?"

"बरण्यांना जागा उरली नाही."

"बरण्यांना नाही, कचऱ्याला म्हण."

बेरिलचं काही फार चुकत नव्हतं. पोस्टमनच्या नोकरीतून सुटल्यापासून केल्विन कानाला हेडफोन लावून, हातात धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन इंग्लंडातल्या नॉरफोकची शेतं तुडवत होता, आणि आजवर जमिनीने त्याला जे दिलं ते सगळं जॅमच्या धुतलेल्या बरण्यांत चिठ्ठ्या लावून ठेवलेलं होतं. बिअरच्या डब्यांच्या कड्या. बटणं. काडतुसांची बुडं. ट्रॅक्टरचे अवयव. एका बरणीवर नुसतंच 'कळत नाही' असं लिहिलं होतं आणि ती सगळ्यांत आधी भरली होती. 'सोनं' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत बेरिल कपड्यांचे चिमटे ठेवत असे.

डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या रोली बुलिमोरला मात्र पहिल्याच वर्षी सोन्याचं नाणं सापडलं होतं. तेव्हापासून तो दर बैठकीत केल्विनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "होईल रे, तुझंही होईल." ही थाप केल्विनला फार लागायची.

दोष यंत्राचा नव्हता, शेतांचा होता, असं केल्विनचं ठाम मत होतं. चांगलं शेत एकच, ते म्हणजे वॉल्टर गॉट्सचं चर्चखालचं. जुना रस्ता तिथूनच जात असे. पण म्हातारा कुणालाच आत येऊ देत नव्हता. केल्विनने उन्हाळाभर त्याच्या कोठाराचे दरवाजे फुकट रंगवून दिले, तेव्हा कुठे तो विरघळला.

"हे बघ," वॉल्टर म्हणाला, "गेट लावायचं. खड्डा बुजवायचा. आणि निघेल ते सगळं, गंजका खिळा असला तरी, आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडायचं. निम्मं तुझं, निम्मं माझं."

"अर्थातच, गॉट्ससाहेब. आमचा नियमच आहे तो."

"आणि एक. शेत आता आमची रोझ बघते. हा शनिवार तुझा. तिला तू पटलास तर हिवाळाभर ये. नाही पटलास तर माझ्याकडे तोंड वेंगाडायचं नाही."

शनिवारी गव्हाच्या धसकटांतून केल्विन असा चालत होता, की बघणाऱ्याला वाटावं जमिनीला गुदगुल्या होऊ नयेत म्हणून जपतोय. दुपारपर्यंत दोन बटणं आणि एक बोल्ट निघाला. मग कुंपणाजवळ, ओकच्या झाडाखाली, हेडफोनमध्ये असा आवाज घुमला की केल्विन जागीच थिजला. मोठं होतं, आणि खोल होतं.

तो गुडघ्यांवर बसला. कोपरभर खोल गेल्यावर बोटांना धातूची गोल कड लागली. मध्ये एकदोन हाडं आली, ती त्याने अदबीने बाजूला ठेवली. शेतात हाडं निघतातच, आणि जुन्या राजांच्या थडग्यात तर निघायलाच हवीत. कड चिखलाने माखली होती, पण घाट वाडग्याचा होता. केल्विनने बेरिलला फोन लावला.

"बेरिल! वाडगा! थडग्यातला वाडगा!"

"आहे का आत काही?"

"आत… आत पण आहे काहीतरी!"

"मग घरी आणायच्या आधी पुसून आण," बेरिल म्हणाली.

खड्डा बुजवून केल्विन पिशवी पोटाशी धरून धावला. गॉट्सच्या स्वयंपाकघरात वॉल्टर चहा पीत होता आणि चाळिशीतली त्याची मुलगी रोझ बूट काढत होती. केल्विनने टेबलावर फडकं पसरलं, बटणं मांडली, बोल्ट मांडला आणि शेवटी वाडगा ठेवून तो ओल्या बोळ्याने हलकेच पुसायला लागला. चिखलाखालून निळं एनॅमल निघालं. आतल्या ढेकळातून गळ्यात बांधायचा कातड्याचा पट्टा निघाला आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. केल्विनचं काळीज खाली खाली जात होतं, पण नियम तो नियम. त्याने बिल्ला पुसून मोठ्याने वाचला.

"टॉफी."

वॉल्टरचा कप बशीवर आदळला.

"टॉफी?" रोझ म्हणाली. "आमचा टॉफी? डॅड, तो तर क्रोमरला गेला होता ना? स्टॅनकाकांकडे, समुद्राकाठी राहायला?"

"गेला होताच," वॉल्टर म्हणाला. "पट्टा तेवढा राहिला. निघायच्या गडबडीत पडला असेल." आणि त्याने केल्विनकडे बघून डोळे असे वटारले की कोणालाही इशारा कळावा.

केल्विनलाही कळला. पण त्याच्या विद्येचा प्रश्न आला की त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे. "पडलेली वस्तू एवढी खोल जात नाही, साहेब," तो म्हणाला. "कोपरभर खोल म्हणजे कुणीतरी पुरलेलं असतं. आणि हाडं होतीच की—"

पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण उशीर झाला होता.

"आणि नाताळची कार्डं?" रोझने बापाकडे वळून विचारलं. "दर वर्षी टॉफीच्या पंजाचा ठसा यायचा त्यांवर!"

वॉल्टर मान खाली घालून म्हणाला, "बटाटा. स्टॅन बटाटा कापून ठसे मारायचा. तू लहान होतीस गं. ट्रॅक्टर मागे घेताना… माझ्या हातूनच…" आणि ज्याने बायकोच्या दफनालाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो म्हातारा फडक्यात तोंड खुपसून रडायला लागला. त्याच फडक्यात केल्विनची बटणं होती.

रोझने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डॅड, मला माहीत होतं. मी न्हाणीघराच्या खिडकीतून तुम्हाला खणताना बघितलं होतं. तुम्ही इतके रडत होता, की मला वाटलं, मला कळलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला आणखी वाईट वाटेल. म्हणून मी कार्डांना उत्तरं लिहायचे."

केल्विनला हायसं वाटलं. "म्हणजे सगळं ठीकच आहे की!" तो म्हणाला. "दोघांनाही माहीतच होतं!"

बापलेकींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

"मिस्टर लार्टर," रोझ म्हणाली, "तीस वर्षं आमचं छान चाललं होतं."

मग तिने सुनावलं. जे निघालं ते होतं तिथेच परत जाईल, आत्ताच्या आत्ता. त्यानंतर या शेतात कुणी खुरपं घालणार नाही. "शब्द द्या."

"दिला," केल्विन म्हणाला. एवढी रंगवलेली दारं त्याच्या डोळ्यांपुढून सरकून गेली.

ओकखाली त्याने खड्डा पुन्हा उकरला. वस्तू पुरण्यासाठी खणायची त्याची ही पहिलीच वेळ. वाडगा नीट बसावा म्हणून त्याने तळ जरा खोल केला, आणि मातीत पिवळं काही चमकलं. नखाएवढं, पातळ. त्यावर राजाचं तोंड होतं. सोन्याला माती लागत नाही, ते काल पडल्यासारखं दिसतं, हे त्याने पुस्तकांत हजारदा वाचलं होतं.

"मिस गॉट्स," तो म्हणाला, "इथं खाली अजून काहीतरी…"

"अजून?" रोझ कडाडली. "अजून काय उकरायचं राहिलंय त्या बिचाऱ्याचं? शब्द दिलाय तुम्ही!"

वॉल्टर डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होता. रोझने स्वतःच वाकून वाडगा आत ठेवला, बरोब्बर राजाच्या तोंडावर. केल्विनने माती लोटली. वरची धसकटंसुद्धा त्याने सरळ करून बसवली.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. "जेव," बेरिल म्हणायची, "एका कुत्र्याच्या वाडग्यासाठी कुणी एवढं मनाला लावून घेतं का?" केल्विन तिला काही सांगू शकला नाही. सांगितलं असतं तर तीच फावडं घेऊन निघाली असती. तो नुसता गॅरेजमध्ये बसून चिमट्यांच्या बरणीकडे बघत राहायचा.

आणि एक दिवस रोझचा फोन आला. आवाज निवळला होता. टॉफीवर एक दगड बसवायचाय, पण मध्ये नांगरट झालीय आणि नेमकी जागा सापडत नाहीये. "तुमचं यंत्र आणाल? फक्त जागा दाखवायला. खणायचं नाही."

केल्विन चहा अर्धा टाकून निघाला. या वेळी बोलायचंच, त्याने ठरवलं. दगड बसायच्या आत बोलायचं. काय व्हायचं ते होवो.

ओकखाली यंत्र कण्हलं. वाडग्याचा जाडा आवाज, आणि त्याच्या आड अगदी बारीक, गोड असा दुसरा. केल्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रॅक्टरला साखळीने टांगलेला, वासराएवढा दगड जवळ येत होता.

"इथेच," तो म्हणाला. "पण थांबा! खाली एक नाणं आहे. सोन्याचं. त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलंय. वाडग्याच्या खाली."

रोझने ट्रॅक्टर थांबवला. तिने केल्विनच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं, मग सावकाश बापाकडे वळली. "डॅड? तुम्ही ठेवलं होतं? टॉफीसाठी?"

चर्चच्या दानाच्या थाळीत ज्याने कधी बटणापेक्षा जास्त काही टाकलं नव्हतं, तो वॉल्टर लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे जे दिसत होतं ते त्याला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "आजीचं होतं. म्हटलं, जाऊ दे त्याच्याबरोबर."

"ओह, डॅड!" रोझने खाली उडी मारून त्याला मिठी मारली. केल्विनने तोंड उघडलं. पण त्या दोघांकडे बघून ते त्याला परत मिटावं लागलं. मग रोझ डोळे पुसत वर चढली आणि दगड खाली आला. जमीन हादरली.

"मिस्टर लार्टर," ती वरून म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला हे कधी कळलंच नसतं. डुकरांच्या वाड्यामागची पट्टी शोधायला तुमची. हवं तेव्हा या." ट्रॅक्टर घराकडे गेला.

दोघे दगडापाशी उरले. वॉल्टर केल्विनजवळ सरकला आणि त्याने कोपराने त्याला ढोसलं.

"बरं सुचलं हो तुला. पोरीला बरं वाटावं म्हणून काय झकास थाप मारलीस! मीही लगेच उचलून धरली."

केल्विन दगडाकडे बघत होता.

वॉल्टरने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग दगडाकडे. मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"केल्विन," तो अगदी हळू म्हणाला, "थापच होती ना ती?"