सुरक्षा पोशाख उपसमितीची शर्यत

एकोणीसशे शहात्तरच्या हिवाळ्यात सोलापुरात नवशिक्यांसाठी मातीच्या उंचवट्यांवरून सायकल शर्यत भरवायचे ठरले. कोणाला खरचटू नये म्हणून सर्वप्रथम सुरक्षा पोशाख उपसमिती नेमण्यात आली. मार्ग नंतर आखला तरी चालणार होते.

शर्यतीत नाव दिलेली एकमेव बाई म्हणजे वच्छला. मूळची माळशिरसची, शहरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि शाळेत सायकलवर जाणारी. सरावात ती दोनदा आपटली होती, त्यामुळे काय घालावे याचा तिने थोडा विचार केला होता. हा अनुभव उपसमितीत कोणाकडेच नसल्याने तिला मत मांडायला बोलावण्यात आले.

"जाड कापडाचा लांब बाह्यांचा सदरा, विजार, बंद बूट, हातमोजे आणि डोक्याला नीट बसणारं हेल्मेट," ती म्हणाली. "एवढं पुरे."

चिटणीस शरच्चंद्र यांनी सावकाश चष्मा पुसला. "बाई, एवढं पुरत असतं तर समिती कशाला नेमली असती?"

अध्यक्ष आबासाहेब जन्मात सायकलवर बसले नव्हते. त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई. "आपल्या गावात चादरी काय कमी हायत व्हय?" ते म्हणाले. "कमरंपासनं मानंपतूर गुंडाळायच्या. पडलं तरी गादीवर पडल्यावानी!"

ठराव मंजूर झाला. पायांना क्रिकेटची पॅडे आली. हेल्मेटे एकाच मापाची आली, कारण सर्वांना समान संधी द्यायची होती. वच्छलाने घालून पाहिले तर ते नाकापर्यंत उतरले.

"पुढचं काही दिसत नाही," ती आतून म्हणाली.

"उत्तम," चिटणीस म्हणाले. "खड्डे दिसले नाहीत म्हणजे भीती वाटणार नाही."

"गुडघाही वाकत नाही."

"वाकलेलाच गुडघा फुटतो," शरच्चंद्र म्हणाले आणि समाधानाने सभोवार पाहू लागले.

विजारीचा विषय निघताच आबासाहेबांचा आवाज चढला. "बाईमाणसानं विजार घालायची? लोक काय म्हनतील?" स्त्री स्पर्धकाची लाज हाही एक अवयव समजून त्याच्या रक्षणार्थ सर्व पोशाखावरून साडी नेसावी, असे ठरले. पदर चेनमध्ये अडकला तर काय, असे वच्छलाने विचारले. "म्हणूनच तर चादर दिलीय," असे उत्तर मिळाले.

शर्यतीच्या दिवशी स्वयंसेवकांनी एकेका स्पर्धकाला उचलून सायकलवर ठेवले. शिट्टी झाली. एकाही पायाने पायडल फिरवले नाही. पहिला गडी शेजारच्यावर कलंडला, शेजारचा त्याच्या शेजारच्यावर, आणि सगळी रांग कापसाच्या गासड्यांसारखी आडवी झाली.

"एकही स्पर्धक जखमी नाही!" ध्वनिक्षेपक गरजला. टाळ्यांचा कडकडाट झाला. उपसमितीला हार घालण्यात आले.

सगळ्यांच्या खाली, घामाने भिजलेल्या चादरीत वच्छला त्या टाळ्या ऐकत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कशीबशी बाहेर सरपटली. तिने हेल्मेट भिरकावले, पॅडे सोडली, साडी फेडली, चादर उलगडली. आत भावाचा जाड सदरा आणि विजार होती. सायकल उचलून ती निघाली. दुसऱ्या उंचवट्यावर पडली, कोपर फुटले. उठली आणि उरलेली शर्यत एकटीने पुरी करून आली.

टाळ्या वाजवण्याआधी हजारो माणसांनी व्यासपीठाकडे पाहिले. आबासाहेबांचे हात गळ्यातल्या हारात गुंतलेले होते. तेव्हा सर्वांनी आपापले हात खिशात घातले. शर्यतीतली एकमेव दुखापत घडवून आणल्याबद्दल वच्छलाला पुढील सर्व स्पर्धांतून बाद करण्यात आले.

"बाई धीराची हो!" असे दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या घराघरांत, दारे लावून, म्हटले गेले. आत्ता तुम्हीही मनातल्या मनात तेच म्हणालात. म्हणा, खुशाल म्हणा. मनातल्या मनात म्हटल्याने कोणाचे कोपर फुटल्याचे ऐकिवात नाही.