म्हाताऱ्याचं काय करायचं?

इस्त्रीच्या कपड्यांची यादी करायची म्हणून ईश्वर सामंतांनी फ्रिजवरचं पॅड उचललं, तेव्हा त्यांच्या डोक्यात पाच शर्ट आणि तीन पँटी याखेरीज काही नव्हतं. पॅडचं कोरं पान शोधताना त्यांना एक लिहिलेलं पान दिसलं. अक्षर त्यांच्या पत्नीचं, उर्मिलाबाईंचं होतं. मुद्द्यांना आकडे घातलेले होते आणि शेवटच्या मुद्द्याखाली पट्टीने रेघ मारलेली होती.

१. म्हाताऱ्याला इतक्यात काही कळू द्यायचं नाही.
२. किल्ली त्याच्याकडेच आहे. झोपला की काढून घेणे.
३. पत्रं जाळणे.
४. बोटीत म्हाताऱ्याला न्यायचं की मागे सोडायचं? संपदाला विचारणे.

उर्मिलाबाई बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून, शेवटी उपमुख्याध्यापिका होऊन, मे महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. त्या वाणसामानसुद्धा मुद्देसूद लिहीत. त्यामुळे लिहिण्याची पद्धत पाहून ईश्वररावांना काही वाटलं नाही. वाटलं ते मजकूर पाहून. त्यांनी ओळखीपाळखीतले सगळे म्हातारे आठवून पाहिले. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली होती. वॉचमन तिशीचा होता. कपाटाची किल्ली उशाखाली ठेवून झोपणारा म्हातारा मीरा रोडच्या त्या फ्लॅटमध्ये एकच होता, आणि तो या वेळी हातात पॅड घेऊन उभा होता.

दुसऱ्या मुद्द्याने ते घाबरले, पण तिसऱ्याने त्यांना लागलं. साखरपुडा ते लग्न या चार महिन्यांत ते विमा कंपनीच्या ट्रेनिंगला नागपुरात होते आणि तिथून त्यांनी उर्मिलाबाईंना अकरा पत्रं लिहिली होती. ती अजून कपाटात होती. त्यांत प्रामुख्याने नागपूरच्या उन्हाची तक्रार होती, पण म्हणून ती जाळावीत असं काही नव्हतं.

ईश्वरराव रोज चार वाजता ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जात आणि सहाला परतत. दुसऱ्या दिवशी ते पाचलाच परतले आणि पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, उभे राहिले. आत फोन स्पीकरवर होता. हैदराबादला नोकरी करणारी त्यांची मुलगी, संपदा, बोलत होती.

"आई, घाई करू नकोस. सोडून दिलास तरी तो मरतोच. मी सोडला होता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

"ते ठीक आहे गं. पण मला बाटली सापडलीये. सगळी एकदम द्यायची की थोडी थोडी?"

"थोडी थोडी दे. एकदम दिलीस तर तो आडवा होईल. आपल्याला आधी त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचंय ना."

"हो, तेही खरंच," उर्मिलाबाई म्हणाल्या. दहावीच्या मुलांना निबंध समजावून सांगताना लागायचा तसा शांत आवाज होता त्यांचा.

ईश्वरराव चपला हातात घेऊन दोन मजले खाली उतरले आणि कोंडिराम यांच्या दारावर टकटक केली.

कोंडिराम पोलीस खात्यातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे नांदेडकडचे. तीस वर्षं मुंबई-ठाण्यात काढूनही बोलण्यात गाव डोकवायचं. सोसायटीत कुणाची कुंडी हलली तरी ते पंचनाम्याच्या नजरेने पाहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ईश्वररावांनी फाडून आणलेलं पान दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या सर्व्हिसमधी असल्या चौदा केशी पाहिल्या. चौदांमधी बारा घरच्याच."

"आणि उरलेल्या दोन?"

"शेजारी. पण ते आता जाऊ द्या. तुमी घरचा चहा सोडा. मॅडमनी खाल्ल्याबगर घास उचलायचा नाय. आणि किल्ली खिशात ठेवून झोपायचं."

"कुणाला बोलू नका, कोंडिरामराव. घरातली गोष्ट आहे."

"भिंतीला कळायचं नाय," कोंडिराम म्हणाले. त्यांच्या पत्नी चंपाबाई तेव्हा आतल्या खोलीत कणीक मळत होत्या. कणीक मळल्याचा आवाज मघापासून बंद होता.

त्या दिवसापासून ईश्वररावांचं घरातलं वागणं बदललं. चहा आला की ते बाल्कनीत जात आणि तो शेवंतीला घालत. ताट वाढलं की पत्नीच्या ताटाशी अदलाबदल करत. पहिल्या दिवशी त्यांनी "तुझ्या ताटातली पोळी जास्त मऊ दिसते" असं कारण दिलं. दुसऱ्या दिवशी "तुझ्याकडे पंख्याचा वारा लागतो" म्हणून जागाच बदलून मागितली. तिसऱ्या दिवशी कारण सुचेना, तेव्हा ते भूक नाही म्हणून उठले आणि स्टेशनजवळ जाऊन दोन वडापाव खाऊन आले. पाच दिवसांत शेवंती सुकली. ते पाहून कोंडिराम यांनी कुंडीतली माती पुडीत बांधून घेतली.

आता शंका घ्यायची पाळी उर्मिलाबाईंची होती. नवरा जेवत नाही, झोपेत पँटचा खिसा दाबून धरतो आणि पोलिसाशी जिन्यात कुजबुजतो. शाळेत मुलं अशी वागायला लागली की प्रगतिपुस्तकात काहीतरी खाडाखोड झालेली असायची, हा त्यांचा अनुभव होता. यांनी रिपोर्ट लपवलेत, यांना काहीतरी मोठं दुखणं झालंय, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी मनातलं मनातच ठेवलं आणि शिरा केला. बेदाणे, केशर, वरून साजूक तूप.

"आज काय आहे?" ईश्वररावांनी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला आवडतो म्हणून केला. खा पोटभर."

"तू नाही घेत?"

"मला नको. तुमच्यासाठीच केलाय सगळा."

ईश्वरराव शिऱ्याकडे पाहत राहिले. वास फार सुंदर येत होता. त्यांनी वाटी हळूच लांब सारली, तेव्हा उर्मिलाबाईंचे डोळे भरून आले. ते पाहून त्यांना वाटलं, अजून हिला थोडा पश्चात्ताप होतो.

"अहो, कपाटाची किल्ली द्या बरं जरा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. मेडिक्लेमचे कागद त्यात होते.

"कशाला?"

"असंच. काही कागद बघायचेत. वेळ काही सांगून येत नाही."

"नाही सापडत," ईश्वरराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले.

रविवारी सकाळी उर्मिलाबाईंनी शेवटचा उपाय काढला. घरात बोलत नाहीत, तर मोकळ्या हवेत बोलतील. "चला, समुद्रावर, चौक गावाला जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली. धक्क्यावर बसू, बोटी बघू."

बोटी हा शब्द ऐकून ईश्वररावांनी चप्पल घालता घालता खिशातल्या मोबाइलवरून कोंडिराम यांना मिस्ड कॉल दिला. ठरलेली खूण होती.

भाईंदर पश्चिमेहून बसने ती दोघं निघाली. बस मुर्धा, राई करत पुढे जात होती आणि ईश्वरराव मागच्या काचेतून पाहत होते. स्कूटरवरून हेल्मेट घातलेला एक माणूस बसच्या मागे मागे येत होता आणि बस थांबली की रस्त्याकडेच्या पाट्या वाचत उभा राहत होता. ईश्वररावांना जरा धीर आला.

धक्क्यावर बोंबील वाळत घातले होते. नाथा नावाचा एक कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. उर्मिलाबाई पाण्याकडे तोंड करून कठड्यावर बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं. ईश्वरराव सहा फुटांवर, विजेच्या खांबाला एक हात गुंडाळून, उभे राहिले.

"काका, बोटीत फिराचं हाय काय?" नाथाने सहज विचारलं.

"नाही," ईश्वरराव म्हणाले. "मला न्यायचंही नाही आणि मागेही सोडायचं नाही."

नाथाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा उर्मिलाबाईंकडे पाहिलं आणि तो पुन्हा जाळ्याकडे वळला.

"अहो, किती दिवस लपवणार?" उर्मिलाबाई म्हणाल्या. "मला सगळं कळलंय. डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? तुझं तूच ठरवलंयस ना. थोडी थोडी द्यायची. मी ऐकलंय सगळं. संपदासुद्धा सामील आहे, याचं जास्त वाईट वाटतं. आणि उर्मिला, पत्रं तरी ठेवायचीस गं. ती तुझ्या काय आड येत होती?"

उर्मिलाबाईंना काही उमजेना. तेवढ्यात हेल्मेटवाला माणूस बोंबलांच्या मागून पुढे आला, हेल्मेटची काच वर केली आणि खिशातला कागद त्यांच्यासमोर धरला. "मॅडम, हे हस्ताक्षर तुमचंच ना?"

उर्मिलाबाईंनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. बत्तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी त्यांना अशा अवस्थेत कधी पाहिलं नव्हतं.

"हो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण हा म्हातारा वेगळा आहे. घरी चला, दाखवते."

"घरात ठेवलाय?" कोंडिराम म्हणाले.

घरी आल्यावर उर्मिलाबाईंनी आधी दार लावलं, मग पडदे ओढले आणि मग टीव्हीखालच्या काळ्या डब्याचं बटण दाबलं. तो डबा संपदाने हैदराबादला जाताना मागे ठेवला होता. ईश्वरराव तो वायफायचा समजून दर शनिवारी पुसत. टीव्हीवर एक बेट दिसू लागलं आणि काठावर होडीला टेकून बसलेला एक म्हातारा.

"व्हिडिओ गेम?" ईश्वरराव म्हणाले. "तू?"

उर्मिलाबाई जमिनीकडे पाहत सांगू लागल्या. निवृत्तीनंतर दुपारी घर खायला उठायचं. संपदा म्हणाली, ही एक गेम बघ, यात मारामारी नाही, गोष्ट आहे. त्यांनी दहा मिनिटं म्हणून हातात घेतली आणि तीन महिने सुटली नाही. शाळेत मोबाइलवर गेम खेळणाऱ्या दोनशे तरी पोरांचे पालक त्यांनी बोलावून घेतले होते. संपदाचा हाच डबा बारावीला त्यांनी वर्षभर माळ्यावर टाकला होता. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"पण हा म्हातारा कोण?" कोंडिराम खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

गोष्ट अशी होती. वीस वर्षांपूर्वी या नावाड्याच्या होडीत एक मुलगा बुडाला. मुलाची आई वेड्या आशेने दूरच्या शहरात वाट पाहत होती. तेव्हापासून नावाडी दर महिन्याला मुलाच्या नावाने तिला पत्र लिहीत आला होता. आता मुलाची बहीण, म्हणजे खेळात उर्मिलाबाई, बेटावर आली होती. नावाड्याला थोडी थोडी दारू पाजून तिने त्याच्याकडून गोष्ट काढून घेतली होती, आणि तो झोपल्यावर किल्ली काढून घेतली तेव्हा आईची उत्तरं त्याच्या पेटीत सापडली होती. पूर येत होता आणि शेवटची होडी निघायची होती. नावाड्याला नेलं तर आईला सगळं कळणार. सोडला तर तो बुडणार.

"चार दिवस इथेच अडकलेय," उर्मिलाबाई म्हणाल्या. "पत्रं जाळवत नाहीत आणि म्हाताऱ्याला सोडवत नाही."

ईश्वरराव टीव्हीजवळ सरकले. त्यांनी तो रिमोटसारखा दिसणारा प्रकार हातात घेतला. पडद्यावरचा नावाडी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?"

"तू जा, माझं इथे बरं आहे, म्हणतोय."

"खोटं बोलतोय," ईश्वरराव म्हणाले. "या वयात कुणाचं एकट्याने बरं नसतं."

"साहेब, माझ्या मते बी सोडू नका," कोंडिराम म्हणाले. हेल्मेट काढायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "माणूस गुन्हेगार नाय. घाबरलेला हाय."

उर्मिलाबाईंनी बटण दाखवलं. ईश्वररावांनी डोळे मिटून ते दाबलं. नावाडी थरथरत होडीत चढला. पुढे आई दारात आली, तिने त्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, अक्षर तुमचं आहे हे मला दुसऱ्या पत्रापासून माहीत होतं. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. उर्मिलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, ईश्वरराव चष्मा पुसत होते आणि हेल्मेटच्या आतून हुंदका ऐकू येत होता.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. नवरा सकाळपासून जेवायला आला नाही म्हणून चंपाबाई वर आल्या होत्या. त्यांनी ओढलेले पडदे पाहिले आणि तिघांचे रडके डोळे पाहिले.

"काय झालं?"

"काय नाय," कोंडिराम घोगऱ्या आवाजात म्हणाले. "म्हातारा वाचला."

चंपाबाईंनी खुर्चीत बसलेल्या, पाच दिवसांत अर्ध्या झालेल्या ईश्वररावांकडे पाहिलं, हात जोडले आणि त्या तशाच जिन्याने खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत शहाळी यायला लागली. सेक्रेटरी उत्तम सफरचंदं घेऊन आले आणि उर्मिलाबाईंनी पुढे केलेलं पाणी न पिता बसले. "अंकल, आप चाहो तो मेरे घर पे रह सकते हो," ते हळूच म्हणाले. महिला मंडळाच्या संचिताताईंनी, उर्मिलाबाई करणार होत्या ती उद्याच्या बैठकीची उसळ आता बाहेरून मागवली असल्याचं दारातूनच कळवलं. लोकांनी कोंडिराम यांना गाठलं, पण टीव्हीसमोर रडलो हे त्यांना सांगायचं नव्हतं. "तपासात काही निष्पन्न झालं नाय," एवढंच ते म्हणाले, आणि त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

उर्मिलाबाई रात्रीचा भात लावत असताना ईश्वररावांना राहवलं नाही. "मी उद्या सगळ्यांना खरं सांगून टाकतो. नोटीस बोर्डावर लावतो हवं तर. माझ्या बायकोने मला विष घातलं नाही, ती फक्त व्हिडिओ गेम खेळत होती."

उर्मिलाबाईंनी गॅस बारीक केला. खाली सोसायटीच्या बागेत त्यांच्या जुन्या शाळेतल्या दोन शिक्षिका फेऱ्या मारत होत्या. त्यांच्याकडे मागच्या खिडकीतून बराच वेळ पाहून उर्मिलाबाई म्हणाल्या,

"नको. विषच राहू दे."