चौघांची मोजणी

घराबाहेर पाऊल पडले की माझे दाजी दर दहा मिनिटांनी "मोजणी!" असे ओरडतात, आणि आम्ही जिथे असू तिथून आपापला आकडा ओरडून सांगायचा असतो. त्यांची सहा वर्षांची लेक चिऊ एक, चार वर्षांचा मुलगा ओम दोन, माझी ताई तीन आणि मी चार. ही हजेरी भर महाद्वार रोडवर होते, लग्नाच्या पंगतीत होते. एकदा देवीच्या दर्शनरांगेत झाली, तेव्हा मागच्या अनोळखी आजींनीही उत्साहाने "पाच!" म्हटले.

दाजींचे उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. केसाच्या जाडीइतकी चूक असलेला जॉब, म्हणजे कातलेला भाग, ते परत करतात. "माप चुकत न्हाय, माणूस चुकतो," हे त्यांचे लाडके वाक्य. मी पदार्थविज्ञानात संशोधन करते आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिण्यासाठी वर्षभर ताईकडे राहत आहे. मापनातील त्रुटी हा माझाही विषय. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी हरकत घेतली होती. "दाजी, आपण पाच जण आहोत. तुमचा आकडा कुठे आहे?"

"कप्तान सोताला मोजत न्हाय, मेव्हणीबाई."

"मग मोजणी अपुरी राहते."

"आदी तुमचं ते पीएचडीचं उरका, मग मला शिकवा."

विषय तिथेच संपला. आमच्या डोक्यावर दुसराच विषय टांगलेला होता: चंदगडच्या जंगलात तंबू ठोकून दोन रात्री सहकुटुंब राहणे. ही सहल दाजींनी स्वतः ठरवली होती आणि स्वतःच तीनदा रद्द केली होती. पहिल्यांदा तंबूची चेन शेवटी अर्धा इंच उघडी राहते म्हणून, दुसऱ्यांदा जळवा असतील म्हणून, तिसऱ्यांदा चिऊचा दात हलतो म्हणून. चिऊ मात्र प्रत्येक वेळी वर्गात सांगून बसली होती. आता बाकावरची मैत्रीण रोज विचारत असे, "मग, वाघ बघून आलीस?" चिऊने घरी जाहीर केले होते, "ह्या बारीला न्हाय गेलो तर मी पप्पांशी कधीच बोलणार न्हाय." ती हट्टी आहे. शब्द पाळते.

शेवटी ताईने निकालाची पद्धत ठरवली. "अहो, रविवारी कळंबा तलावावर रंगीत तालीम करू. जमली तर शनिवारी जायचं. न्हाय जमली तर तंबू विकायचा आणि जंगलाचं नाव काढायचं न्हाय."

तो आठवडा घरात परीक्षेसारखा गेला. प्रत्येकाची पिशवी ताणकाट्याला लटकवून तोलली गेली. ओमच्या कापडी हत्तीचेही वजन झाले. लाल शिट्ट्या आल्या. चारच. जेवताना पाढ्यांसारखी उजळणी चाले.

"हरवलो तर?"

"हलायचं न्हाय! हाय तिथं बसायचं! शिट्टी वाजवायची!" मुले ओरडत.

रविवारी तंबू बारा मिनिटांत उभा राहिला. दाजींनी घड्याळ पाहून मान हलवली. चिऊने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. ताईने भडंगाचा डबा उघडला. दहा मिनिटे झाली.

"मोजणी!"

"एक!"

मग काहीच नाही.

"दोन!" दाजींनी स्वतःच हाक दिली. "दोन! ए ओम्या!"

समोर तलावाचे पाणी शांत होते, आणि मला त्या शांततेचीच भीती वाटली. ओम डब्याजवळ शेवटचा दिसला त्याला फार तर सहा मिनिटे झाली होती. चार वर्षांचे मूल सहा मिनिटांत किती अंतर जाईल, त्या त्रिज्येत पाणी कुठे येते, असा हिशेब मी मनात मांडला. उत्तर आले: पाणी त्या त्रिज्येच्या आतच होते. ताईला मी काठाकडे धाडले, चिऊला तंबूजवळ उभे केले, स्वतः झुडपांकडे धावले.

दाजी धावले नाहीत. ते जागच्या जागी खिळून उभे होते. काठावर म्हशी धुणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "काय वो पावणं, काय हरावलं?"

"दोन," दाजी म्हणाले.

"दोन म्हशी?"

दाजींनी नुसती दोन बोटे वर केली. आणि मला हसू आले नाही.

ओम सापडला तो बांधाच्या उतारावर, एका मोठ्या दगडाच्या आड. मांडी घालून ताठ बसला होता. गाल फुगवून, चेहरा लाल करून, जीव खाऊन शिट्टी फुंकत होता. शिट्टीत भडंगाचे चुरमुरे गच्च बसले होते.

"मावशी, मी वाजवतोय," तो रडवेला होऊन म्हणाला. "तीच वाजंना. पण मी हललो न्हाय."

ताईने त्याला पोटाशी धरले. दाजींनी त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, थोडे दूर जाऊन बसले आणि खिशातल्या तारेने एकेक चुरमुरा टोकरू लागले. शेजारी फोन ठेवला होता. पडद्यावर चंदगडचे बुकिंग उघडलेले होते.

"रद्द करणार?" मी विचारले.

"व्हय."

"दाजी, बिघाड शिट्टीत होता. पोराने नियम तंतोतंत पाळला."

"म्हणूनच." तार थांबली. "सात वर्साचा व्हतो. आमी घरची अकरा माणसं टेम्पोनं चंदगडला पावण्यांकडं गेलतो. येताना रानात भाकरी खायाला थांबलो. निघताना आमच्या आबांनी डोकी मोजली. अकरा भरली. टेम्पो सुटला. मी मैलाच्या दगडावर बसलोवतो."

"अकरा कशी भरली?"

"पावण्यांचं एक पोरगं तिथनंच हौसंनं चढून बसलंवतं." ते पुन्हा टोकरू लागले. "दिवस कलताना आले परत. ते पोरगं आईसाठनं रडाय लागलं, तवा कळलं. मी कमी हाय म्हणून न्हवं, मेव्हणीबाई. ते जास्त हाय म्हणून. मी बी हललो नव्हतो."

मापनातील त्रुटींवर मी दीडशे पाने लिहिली आहेत. त्यांतली एकही ओळ त्या क्षणी उपयोगाची नव्हती.

तंबू गुंडाळला गेला. सगळे गाडीत बसले. दाजींनी सवयीने मागे वळून तोंड उघडले, तोच चिऊ म्हणाली, "आज मी घेणार. मोजणी! एक!"

"दोन!"

"तीन."

"चार," मी म्हटले.

दाजींनी चावी फिरवली.

"थांबा. पाच कोण?"

"कप्तान सोताला मोजत न्हाय, बाळा."

"मग गाडी सुटणार न्हाय."

इंजिन बंद झाले. दाजी समोरच्या काचेकडे पाहत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू न्हाय आलं, पप्पा."

"पाच," दाजी म्हणाले. मग गळा खाकरून, पंगतीत ओरडतात तसे, "पाच!"

"सगळी हायत," चिऊने निकाल दिला. "आता शनिवारचं बोला."

दाजींनी डॅशबोर्डवरचा फोन उचलला, काहीही रद्द न करता बुकिंगचे पान बंद केले आणि साफ केलेली शिट्टी ओमकडे देण्यासाठी हात मागे केला. ओमने ती घेतली, एकदा वाजवून पाहिली, आणि पुढे झुकून दाजींच्याच गळ्यात घातली.