गिअरबॉक्स आणा, मटण खा

शुक्रवारी म्पेंडुलोला कळून चुकलं की आपली नोकरी गिअरबॉक्सवर अवलंबून आहे, आणि गिअरबॉक्सचा तर कुठे पत्ताच नाही.

जर्मिस्टन शहरातल्या त्या कारखान्यात टॅक्स्यांचे जुने गिअरबॉक्स उघडून नव्यासारखे करत. जुना माल गोळा करणं हे म्पेंडुलोचं काम. यंदा तो माल डर्बनच्या बंदरात अडकून पडला होता.

"मग नवेच ओतून घेऊ की," तो चाचरत म्हणाला.

"आणि भट्टीच्या धुराचा कार्बन कर कोण भरणार? तुझा सासरा?" मालकीण माडुबे कडाडल्या. "ईस्टरला सिथोलेबाबांच्या टॅक्स्या लांब जायच्यात. मंगळवारपर्यंत त्यांना गिअरबॉक्स मिळाले नाहीत, तर तूही येऊ नकोस."

रीत अशी, की आधी तयार गिअरबॉक्स द्यायचा, मग जुना घ्यायचा. म्पेंडुलोने रीतच उलटी केली. रविवारी सिथोलेबाबांच्या टॅक्सीस्टँडवर त्याने निखारे पेटवले आणि ओरडला, "जुना गिअरबॉक्स आधी आणा, पोटभर मटण खा!"

ड्रायव्हर ते! वास सुटताच सगळे गाड्यांखाली शिरले. संध्याकाळी कारखान्याच्या अंगणात गिअरबॉक्सचा ढीग लागला. म्पेंडुलो खूश होऊन घोरत झोपला.

सोमवारी कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. माडुबेंनी फोन लावला.

"येऊ कसे, मा?" मोठा कारागीर न्खोसी वैतागून म्हणाला. "टॅक्सीच नाही! सगळ्या टॅक्स्यांची आतडी तुमच्याच अंगणात पडलीयत म्हणे."

माडुबेंनी म्पेंडुलोकडे असं पाहिलं, की त्याला घाम फुटला. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक गिअरबॉक्स फिरवून, उघडून पाहिला.

"अरे, यांना काय धाड भरलीय? चांगले ठणठणीत आहेत! सिथोलेबाबा उगाच घाबरतात. धू, तेल बदल, रंग मार. बिलही धुण्याचंच लाव."

दोघांनी दिवसभर तेच केलं. संध्याकाळी ड्रायव्हरांनी आपापले गिअरबॉक्स बसवले.

मंगळवारी सकाळीच सिथोलेबाबांचा फोन आला. "माडुबे, लोण्यासारखे चालतायत! असं काम जन्मात पाहिलं नाही. तेही इतक्या स्वस्तात? दर वर्षी असंच करून द्या."

"तुझी नोकरी वाचली," फोन ठेवत माडुबे म्हणाल्या. म्पेंडुलोचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात दारात टॅक्सी थांबली. न्खोसी आणि सगळे कारागीर उतरले. न्खोसीचा चेहरा खरोखरच पडला होता.

"काल फार अडलं असेल ना, मा? आम्ही नाही म्हणजे कारखाना बंदच."

माडुबेंनी खुर्ची फिरवून पाठ केली. "म्पेंडुलो," त्या म्हणाल्या, "सांग रे त्यांना, काल काय काय अडलं ते."